शिरोड्याची शिलेदारी

मराठीचा प्राध्यापक शिरोड्याला निघाला म्हटले की लोक समजतात, खांडेकरांसाठी निघाला असेल. समज रास्तच आहे. १९२० साली वि. स. खांडेकर या गावच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि १९३८ साली कोल्हापूरला जाईपर्यंत इथेच राहिले. शेजारचे आरवली हे जयवंत दळवींचे गाव. म्हणजे आमच्या पंथाच्या माणसाला हाकेच्या अंतरावर दोन तीर्थे. परंतु यंदाच्या मे महिन्यात मी कोकणकन्येत बसलो तो वाङ्मयासाठी नव्हे. मला माझ्या भाचीला नोकरी धरायला लावायची होती.

ही कामगिरी पुण्याच्या बहिणीने सोपवलेली. "तुझं ती ऐकते," असे ती म्हणाली. मुले आपले ऐकत नाहीत असे दिसले की आयांना मामा आठवतो.

भाची वेबसाइटी बांधते. घर बांधणाऱ्याला आपण गवंडी म्हणतो, तसा या धंद्याला मराठीत चांगला शब्द अजून पडलेला नाही. संकेतस्थळ हा शब्द सरकारी पत्रकात शोभतो. पण 'मी संकेतस्थळे बांधते' असे कोणी म्हणाले तर ऐकणारा जरा गोंधळून पाहील. पुण्यात ती एका कंपनीत हेच काम करी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा नवऱ्यासह सासरी शिरोड्याला आली आणि मग परत गेलीच नाही. कंपनीने वर्षभराने बोलावणे धाडले तेव्हा तिने राजीनामा धाडला. तेव्हापासून स्वतंत्र. गिऱ्हाईक स्वतः शोधायचे, काम स्वतः करायचे, बिलही स्वतः मागायचे. जावईबापूंची काजूची बाग आणि थोडी कलमे. त्यामुळे त्या घरात दोघे कमावते आहेत, पण पहिली तारीख कोणाचीच नाही. बहिणीच्या पोटात गोळा येतो तो या वाक्याने.

आणि आता पुण्याच्याच दुसऱ्या एका कंपनीने तिला कायमची जागा देऊ केली होती. वर्षाला बारा लाख, आठवड्यातून तीन दिवस कचेरीत हजेरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखान्याचा विमा. उत्तर द्यायला पुढच्या सोमवारपर्यंत मुदत. माझ्या हातात आठ दिवस होते.

सावंतवाडी रोड स्टेशनवर सकाळी उतरलो. मेच्या अखेरचा उकाडा असा की सदरा पाठीला चिकटून तो निघायलाच तयार नाही. एस. टी.ने शिरोड्याकडे जाताना रस्ता डोंगरउतारावरून समुद्राकडे घसरत जातो. दोन्ही अंगांना काजू, मध्येच लाल चिऱ्यांचे एखादे अर्धवट घर, मग एकाएकी माड. माड दिसू लागले की समुद्र जवळ आला, हे सांगायला भूगोल लागत नाही.

घर जुने, कौलारू. पुढे शेणाने सारवलेले खळे, खळ्यात मिरच्या, कोकमाची सोले आणि आंब्याची साटे वाळत घातलेली. पडवीच्या एका टोकाला तट्ट्या मारून केलेली दहा बाय आठची खोली हे भाचीचे कार्यालय. एक टेबल, दोन पडदे, भिंतीवर कागदी कालनिर्णय, आणि खाली इन्व्हर्टरची बॅटरी सासूबाईंच्या चिंचेच्या बरणीशेजारी. परदेशातल्या गिऱ्हाइकांना बोलताना तिच्या पाठीमागे पांढरी भिंत दिसते. भिंतीच्या अलीकडे चिंच आहे हे त्यांना ठाऊक नसते.

पहिल्या दिवशी मी काहीच बोललो नाही. नुसता पाहत होतो. दहा वाजता शेजारची वहिनी आली. "गो, माका जरा ह्यो फारम भरून दी." फारम भरून झाला. अकराला एक चुलत सासरे आले. त्यांना मोबाइलवर गॅसचे पैसे भरायचे होते. साडेअकराला कोणी तरी बाळाला धरायला सांगून बाजारात जायला निघाले, तेव्हा मात्र सासूबाई ओट्यावरून गरजल्या, "ती कामात आसा! हंय बसता म्हणून काय रिकामी नाय!" पाहुणी ओशाळली. मला नवल वाटले. सुनेच्या वतीने सासू भांडते आहे, हे दृश्य आमच्या कथावाङ्मयात तरी फार आढळत नाही.

"पहिली दोन वर्षं याच म्हणायच्या, घराकच आसता," भाचीने रात्री सांगितले. "मामा, या धंद्यात सगळ्यांत अवघड काय असतं ते सांगू? काम मिळवणं नाही. घरात बसलेलं माणूस कामावर आहे, हे पटवणं."

मी म्हटले, "म्हणूनच म्हणतो, नोकरी धर. कचेरीत गेलेल्या माणसाला कोणी फारम देत नाही."

ती हसली आणि पान वाढू लागली. कामगिरीचा हा पहिला बार फुकट गेला.

शब्दांचा नाद असल्यामुळे माझे डोके दुसरीकडेच चालू होते. इंग्रजीत या लोकांना फ्रीलान्सर म्हणतात. लान्स म्हणजे भाला. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो'मध्ये, म्हणजे १८१९ सालच्या कादंबरीत, पैशासाठी लढणाऱ्या पथकाला हे नाव आले आहे. आपल्याकडे या माणसासाठी 'मुक्त व्यावसायिक' हा शब्द कोणी तरी बसून बनवलेला आहे आणि तो तसाच वाटतो. पण बनवायची गरज काय होती? मराठी फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारचे. शिलेदार आपले घोडे, आपले हत्यार घेऊन चाकरीला येई. मोबदला त्याला जास्त, मानही जास्त. पण घोडे मेले तर ते त्याचे मेले. वैरण महागली तर त्याची महागली. माझ्या भाचीचा लॅपटॉप, तिची बॅटरी, तिची विजेची आणि इंटरनेटची बिले, तिची पाठदुखी, सारे तिचे. ती शिलेदार आहे आणि मी, महाविद्यालयाचा खडू वापरणारा, पक्का बारगीर. मी हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग शिलेदाराला बारगीर व्हायला सांगायला आलास होय?"

दुसरा बारही फुकट.

तिचा दिवस मात्र पाहण्यासारखा आहे. पहाटे विहिरीवरचा पंप चालू होतो तेव्हा ती उठते. साडेनऊला पडवीतल्या खोलीचे दार लागते ते दीडला उघडते. मधल्या चार तासांत फोन आत नसतो. तो माजघरात सासूबाईंच्या देवाजवळ ठेवलेला. गिऱ्हाइकांना हे माहीत आहे. तातडीचे काही असेल तर पत्र लिहावे, ती साडेअकराला आणि दीडला पाहील. जेवण, थोडी झोप. झोप म्हणजे खरोखरची, चटईवर, कोकणातली. चारला पुन्हा दीड तास. पण त्यात नवे काही लिहायचे नाही, फक्त बिले, पत्रे आणि जुन्या वेबसाइटींची देखभाल. साडेपाचला मुलगी बालवाडीतल्या मैत्रिणीकडून येते.

"चार आणि दीड, साडेपाच तास," मी बोटे मोजली. "एवढ्यात भागतं?"

"कंपनीत नऊ तास बसायचे. त्यातले खरे कामाचे किती होते, ते मलाच ठाऊक."

प्राध्यापकांनी अशा वेळी गप्प बसावे. मी बसलो.

न्यूयॉर्ककडचे एक गिऱ्हाईक आहे. तिथले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, मग आपले साडेआठ होतात. पूर्वी तिच्या या बोलण्याच्या वेळा नेमक्या तिन्हीसांजेला येत. तुळशीपुढे दिवा लागलेला, आजी नातीला शुभंकरोति म्हणायला बसवते आहे, आणि पडवीतून इंग्रजी. आता त्या गिऱ्हाइकाला आठवड्यातला एकच दिवस आहे, बुधवार. इतर दिवशी तिन्हीसांज तिन्हीसांजेचीच.

हे असे शहाणे वेळापत्रक पहिल्यापासून नव्हते. ते कसे आले हे मला जावईबापूंनी सांगितले, काजूच्या बागेत बोंडे गोळा करता करता. भाचीने सांगितले नसते.

पहिल्या दोन वर्षांत ती आलेले प्रत्येक काम घेई. नाही म्हटले तर पुढचे येणार नाही ही भीती. कोल्हापूरचे कपड्यांचे दुकान, पुण्याचा एक प्रकाशक, लंडनचे एक दवाखानेवाले, दुबईचा व्यापारी, शिवाय गावातली दोन 'घरगुती राहण्याची सोय'. लंडन साडेचार तास मागे, न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे. म्हणजे जगात कोणी ना कोणी सदैव जागे. ती जेवताना टाइप करी, मुलीला पायावर झोपवताना टाइप करी. आगाऊ पैसे मागायला संकोच वाटे. एका परदेशी गिऱ्हाइकाने तीन महिन्यांचे काम करून घेतले आणि पैसे देण्याच्या वेळी तो नाहीसाच झाला. पत्राला उत्तर नाही, फोन नाही. समुद्रापलीकडच्या माणसावर शिरोड्याहून फिर्याद कशी करायची? ते पैसे गेले ते गेलेच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा तारा तुटल्या, खांब आडवे झाले, कित्येक दिवस वीज नव्हती. ती रोज नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कुठे वीज आणि सिग्नल दोन्ही एकत्र सापडतात ते शोधत फिरे.

"त्याचंही काही नाही, मामा," जावईबापू म्हणाले. "वादळ सगळ्यांनाच होतं. पण एक दिवस पोर भातुकली खेळत होती. मी विचारलं, कोण झालीस? म्हणाली, आई. आणि बाहुलीकडे पाठ करून बसली, डब्याचं झाकण मांडीवर घेतलं आणि त्याच्यावर बोटं आपटत राहिली. बाहुली रडायला लागली असं स्वतःच म्हणाली, आणि स्वतःच म्हणाली, थांब, कॉलवर आहे."

ते एवढे सांगून बोंडातली बी पिळून काढू लागले. काजूच्या बोंडाचा वास गोड असतो, पण फार वेळ सहन होत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात भाचीने चार गिऱ्हाइकांना सोडले. कशी सोडली ते मला तिने स्वतः दाखवले. त्या पत्रांची भाषा चांगली होती, प्राध्यापकाच्या भाचीला शोभेलशी. तुमचे काम अमुक तारखेपर्यंत पुरे करून देते, पुढे तुम्हाला दुसरा कोणी हवा असेल तर दोन नावे सुचवते. आणि मग तिने नियम केले. एका वेळी मोठी कामे दोनच. निम्मे पैसे आधी. ते खात्यात आल्याशिवाय पहिली ओळ लिहायची नाही. उरलेल्यातले निम्मे मध्यावर, राहिलेले वेबसाइट गिऱ्हाइकाच्या हवाली करण्यापूर्वी. काय काय करायचे ते आधी लिहून घ्यायचे, आणि 'एवढंच जरा' आले की त्याचा वेगळा आकडा सांगायचा.

हे 'एवढंच जरा' प्रकरण वाचकांनी शिंप्याकडे अनुभवले असेल. ब्लाउज शिवून झाल्यावर बाह्या जरा, गळा जरा. वेबसाइटीत ते फार चालते. बटण जरा निळे, अक्षर जरा मोठे, आणि जमले तर दुकानाचा सगळा हिशेबही त्यातच ठेवता आला तर. पहिल्या दोन विनंत्या पाच मिनिटांच्या असतात. तिसरी महिन्याची असते, पण ती त्याच आवाजात केलेली असते.

देखभालीचा तिचा विचार मला विशेष पटला. वेबसाइट एकदा बांधली की संपली, असे आपल्याला वाटते. तसे नाही. कौले दर वर्षी शाकारावी लागतात. तिचे नाव दर वर्षी पैसे भरून राखावे लागते, ती जिथे ठेवलेली असते त्या जागेचे भाडे असते, तिच्या आतल्या भागांच्या नव्या आवृत्त्या येतात आणि जुन्या ठेवल्या तर चोर शिरतात. जुन्या नऊ गिऱ्हाइकांकडून ती या शाकारणीचे दरमहा थोडे थोडे घेते. रक्कम लहान, पण ती येते. "ही माझी पहिली तारीख," ती म्हणाली. त्यातून घरातले वाणसामान आणि वीज निघते. मोठी कामे म्हणजे वरकड.

एका सकाळी तिने मला मिठागरांवर नेले. १९३० साली या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. दांडीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, शिरोड्याची थोड्यांना. आगरे अजून आहेत. खाडीचे पाणी भरतीला बांधातल्या दाराने आत घ्यायचे, मोठ्या वाफ्यात मुरवायचे, तिथून लहान वाफ्यात, तिथून त्याहून उथळ वाफ्यात. समुद्राच्या पाण्यात मीठ असते शेकडा साडेतीन भागांच्या आसपास. ऊन आणि वारा उरलेले पाणी नेतात आणि शेवटच्या वाफ्यात पांढरे कण धरू लागतात. मग लाकडी फावड्याने ओढून ढीग. मी गेलो तेव्हा पाऊस तोंडावर आला होता आणि ढीग झाकायची धांदल चालली होती. एक म्हातारा बांधावर चिखलाने दार लिंपत होता. पुढे उधाणाची भरती होती. मी शहरी शहाणपणाने विचारले, एवढे पाणी येतेय तर थोडे आणखी आत का घेत नाही? त्याने माझ्याकडे पाहिले. "पाणी जास्त झाला तर मीठ खंयसून येतला?"

भाची काहीच बोलली नाही. ती मुलीच्या चपलेतला चिखल काढत होती.

संध्याकाळी आरवलीला वेतोबाच्या दर्शनाला गेलो. वेतोबा गावाचा राखणदार. लोक त्याला केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या भल्याथोरल्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाच्या राखणीला हिंडतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. वहाणांची ती रांग पाहताना माझ्या मनात आले, रात्रपाळीचा कामगार म्हणावा तर हा. आणि त्याला रजाही नाही. हे मी मोठ्याने बोललो. भाची म्हणाली, "पण त्याच्या वहाणा गाव देतं, मामा. माझ्या मला घ्याव्या लागतात." हा विनोद होता, तरी मी तो पुढे दोन दिवस चघळला. शिलेदाराचे दुखणे एका वाक्यात सांगायचे तर हेच.

कारण गोष्ट सगळी गोडच आहे असे मला वाचकांना भासवायचे नाही. गावाकडे राहून परदेशाचे पैसे मिळवतात असे लेख मी वाचतो. त्यांत नेहमी झोपाळा आणि शहाळे असते. गेल्या वर्षी तिच्या सासऱ्यांच्या छातीत दुखू लागले. इथले लोक मोठ्या आजाराला गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेतात. तेरेखोलची खाडी ओलांडून नेले, बारा दिवस राहावे लागले. कचेरीतल्या माणसाला रजा मिळते. तिला बारा दिवसांचे शून्य मिळाले, आणि एक काम मुदतीत गेले नाही म्हणून त्याच्या पैशांत काटही. काही अडले तर शेजारच्या टेबलाला विचारावे, तर शेजारी टेबल नाही, चिंचेची बरणी. तिच्या वयाची, तिच्या कामाचे बोलणे समजणारी बाई आसपास नाही. दर तीन महिन्यांनी आगाऊ प्राप्तिकर भरायचा, जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, प्रत्येकाची पंधरा तारीख. तिथे कोणी कारकून नाही. आणि वयाच्या साठीला निवृत्तिवेतन नाही. बहिणीची भीती खोटी नव्हती. मी ती तशीच्या तशी भाचीपुढे मांडली, शनिवारी रात्री, वीज गेलेली असताना. अंधारात बोलणे सोपे जाते.

तिने कंदिलाशेजारी एक वही आणून ठेवली. तांबड्या पुठ्ठ्याची, किराणा दुकानदाराची असते तशी. यंत्रावर आयुष्य काढणारी बाई हिशेब हाताने लिहिते, कारण हाताने लिहिलेले शून्य लागते, असे ती म्हणाली. पाने उलटून पाहिली. कुठे महिन्याला दोन लाख, पुढे लागोपाठ दोन महिने फक्त शाकारणीचे पैसे. मला मळमळल्यासारखे झाले. गेली वीस वर्षे माझ्या पगाराच्या आकड्याने अशी उडी कधी मारलेली नाही. महागाईभत्त्याची काय ती हालचाल.

शेवटच्या पानावर एकच शब्द लिहिला होता. आगोट.

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवे. पाऊस सुरू होण्यापूर्वी कोकणातले घर चार महिन्यांची जी बेगमी करते ती आगोट. सुके मासे, मीठ, सोले, साटे, पापड, लाकूडफाटा. खळ्यात जे वाळत होते ते तेच. पावसात होड्या बंद, आगरे बंद, वाट बंद. तरी घर चालते, कारण मे महिन्यात कोणी तरी भर उन्हात राबलेले असते. भाचीची आगोट म्हणजे वेगळे खाते. घराचा सहा महिन्यांचा खर्च त्यात असलाच पाहिजे. मोठ्या कामाचा प्रत्येक पैसा आला की त्यातला तिसरा हिस्सा आधी तिकडे, कराचा हिस्सा दुसरीकडे, मग घरात. विम्याचे हप्तेही तिथूनच.

"पुण्याला असताना मला पहिली तारीख नसलेला महिना म्हणजे संकट वाटायचं," ती म्हणाली. "इथं कोणालाच पहिली तारीख नाही. मिठागरवाल्यांना नाही, होडीवाल्यांना नाही, काजूवाल्यांना नाही. आठ महिने मिळवतात, बारा महिने जेवतात. मी सासूबाईंना विचारलं, तुम्ही कसं करायच्या? त्यांनी बरण्या मोजून दाखवल्या."

सासूबाई अंधारातून म्हणाल्या, "आणि बरणी उघडली की लिवन ठेवूचा."

मला वाटते, माझी कामगिरी बुडाली ती या क्षणी. आम्ही नोकरदार माणसे समजतो की दरमहा येणारा पगार ही जगाची रीत आणि बाकी सारे धाडस. कोकणाच्या किनाऱ्यावर रीत उलटी आहे. पगार तिथे मनीऑर्डरीने मुंबईहून येई, गिरणीत गेलेल्या भावाचा. गावात राहिलेल्यांनी मोसमावरच संसार केला आणि त्याचे शास्त्र केले. भाचीने यंत्रविद्या पुण्यात शिकली; तिचा संसार मात्र ती इथून शिकली होती.

गणपतीचे तेवढे राहिले. दर वर्षी ती जानेवारीतच सगळ्या गिऱ्हाइकांना कळवते की गणेशचतुर्थीपासून काम बंद. लंडनच्या गिऱ्हाइकाने पहिल्या वर्षी विचारले होते, किती दिवस? तिने लिहिले, आमच्या घरचा देव जाईपर्यंत, सात दिवस. त्याने उत्तरी लिहिले की ठीक आहे, त्याला माझे नमस्कार सांगा. असली गिऱ्हाइके टिकतात म्हणे.

रविवारी दुपारी तिने पुण्याच्या कंपनीला उत्तर लिहिले. मला वाचायला दिले, शुद्धलेखनासाठी, असे म्हणाली. पत्र इंग्रजीत होते. कायमची जागा घेता येत नाही. परंतु तुमच्या कामाचा जो भाग माझ्या जोगा आहे तो मी महिन्याला दहा दिवस, ठरलेल्या रकमेवर, इथूनच करून देईन. एक वर्षाचा करार, दोन्ही बाजूंना महिन्याची सूचना. म्हणजे घोडे तिचे, मोहीम त्यांची. मी एक स्वल्पविराम घातला. तेवढाच माझा या प्रकरणातला हात.

मुंबईला परतल्यावर बहिणीचा फोन आला. "सांगितलंस ना तिला?" मी म्हटले, सगळे सांगितले. ते खरेच होते.

जुलैत भाचीचा निरोप आला. कंपनीने नकार दिला. त्यांना पूर्ण वेळेचे माणूस मिळाले. त्याच महिन्यात एक ठरलेले मोठे कामही पुढे गेले. निरोपाच्या शेवटी लिहिले होते, 'आगोट उघडली. लिहून ठेवलं आहे.' बाहेर मुंबईचा पाऊस कोसळत होता. मी दोन वेळा फोन उचलला आणि दोन्ही वेळा साडेनऊ ते दीडमधली वेळ आहे हे आठवून खाली ठेवला.

बहीण माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. चतुर्थीला मात्र ती स्वतः शिरोड्याला गेली, देव जाईपर्यंत राहिली आणि पुण्याला परतल्या दिवशी तिने रात्री फोन केला. आरतीला किती माणसे होती, मोदक किती झाले, व्याहीबुवांची तब्येत आता कशी आहे, हे सारे सांगून झाले. मग जरा थांबून म्हणाली, "सात दिवस तिनं त्या खोलीचं दारसुद्धा उघडलं नाही रे!"

ही तक्रार होती की कौतुक, ते मला आवाजावरून कळले नाही, आणि मी विचारलेही नाही.